मीटरवरचा आकडा लिहून घ्या: परिवहन आयुक्तांना एका गॅरेजवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
तसेच ठाणे आणि नवी मुंबई येथील परिवहन अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

कळव्यात माझं गॅरेज आहे. पूल ओलांडला की ठाणे, विटाव्याच्या पुढं गेलं की नवी मुंबई. त्यामुळं एमएच-०४, एमएच-४३, एमएच-०५ अशा तिन्ही पासिंगच्या गाड्या दिवसभर माझ्या दारात असतात. १९९८ पासून हेच काम करतोय. जुनी गाडी घ्यायच्या आधी मला दाखवायला आणणारे थोडे, घेऊन झाल्यावर आणणारे पुष्कळ. हे पत्र त्या दुसऱ्या लोकांसाठी आहे, किलोमीटरचा मीटर मागे फिरवून त्यांना जुन्या गाड्या विकल्या जातात त्याबद्दल.

गेल्या वर्षी श्रावणात रबाळे एमआयडीसीत शिफ्टला जाणारा एक मुलगा आठवड्यापूर्वी घेतलेली गाडी घेऊन आला. २०१४ची डिझेल सेडान, सेकंड ओनर, चार लाख दहा हजारांची. त्यातले अडीच लाख कर्जाचे. वडिलांचे गुडघे गेलेत, एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून गणपतीला त्यांना संगमेश्वरकडच्या गावी स्वतःच्या गाडीतून न्यायचं, एवढ्यासाठी ही खरेदी. बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक होतं, आरशाला झेंडूची माळ. मीटरवर ५२,३१० किलोमीटर. "काका, घाट चढायचेत, एकदा सगळं बघून घ्या," म्हणाला.

क्लचचं पेडल दाबलं तेव्हाच मला शंका आली. पेडलच्या रबराच्या रेघा डाव्या बाजूला पार गुळगुळीत झाल्या होत्या. पन्नास हजारांत रबर असं झिजत नाही. बॉनेट उघडून टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याचं, वरचं कव्हर काढलं, आणि आतल्या बाजूला पांढऱ्या पेंट पेननं लिहिलेलं दिसलं: बेल्ट ९८,४००. म्हणजे इतक्या किलोमीटरला बेल्ट बदलला होता. खाली तारीख, फेब्रुवारी २०१९. माझ्यासारख्याच कुणा मेकॅनिकनं, पुढच्या माणसाला कळावं म्हणून लिहून ठेवलं होतं. मी टॉर्च धरून मुलाला दाखवलं. तो बराच वेळ त्या आकड्याकडं बघत राहिला. मग एवढंच विचारलं, "मग खरं किती चालली असेल?"

मला सांगता आलं नाही. २०१९ला अठ्ठ्याण्णव हजार झाले होते, त्यापुढची वर्षं कुठंच लिहिलेली नाहीत. गाडीच्या अवस्थेवरून मी दीड लाखाच्या वर म्हणेन, पण तो माझा अंदाज. आरसीवर इंजिन नंबर आहे, चेसिस नंबर आहे, रंगसुद्धा आहे. गाडी किती चालली हे मात्र सरकारदरबारी कुठंच नाही. साहेब, त्या मुलाचा प्रश्न मी तुमच्याकडं आणलाय.

लोकांना वाटतं, मीटर मागे केला म्हणजे फार तर पाऊण-एक लाख रुपये जास्त गेले. पैसे जातातच, पण मला काळजी वेगळीच आहे. गाडीचं सगळं पंचांग त्या एका आकड्यावर चालतं. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, डिझेल फिल्टर, टायमिंग बेल्ट, सगळ्यांच्या तिथी किलोमीटरवर ठरलेल्या असतात. त्या गाडीचा बेल्ट साधारण लाख किलोमीटरला बदलायचा. मीटर बावन्न हजार दाखवतोय म्हटल्यावर तो मुलगा अजून तीन-चार वर्षं बेल्टचा विचारही करणार नव्हता. आणि बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात, इंजिन खोलावंच लागतं, गाडी जिथं असेल तिथं बंद पडते. घाटात बंद पडली, मागून ट्रक येतोय, मागच्या सीटवर गुडघ्यांनी अधू झालेला माणूस. हे चित्र डोळ्यासमोर आलं की मला त्या आकड्याचा संताप येतो.

हे करतात कसं, ते तुमच्या इन्स्पेक्टर मंडळींना ठाऊक असेल, तरी वाचणाऱ्यांसाठी सांगतो. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत केबल असायची आणि आकड्यांची चाकं फिरायची. ती हातानं मागे फिरवली की चाकं वाकडी बसायची, काचेच्या आत ओरखडे दिसायचे, जाणत्याला कळायचं. डिजिटल मीटर आले तेव्हा आम्हालाच वाटलं होतं की आता ही लबाडी संपली. झालं उलट. आकडा एका छोट्या मेमरी चिपमध्ये असतो. काही गाड्यांत स्टिअरिंगखालच्या सॉकेटला मशीन लावून तो बदलता येतो, काहींत मीटर खोलून चिपवर लिहावं लागतं. तासाभराचंही काम नसतं आणि वरून दिसेल अशी खूण मागं राहत नाही. बऱ्याच गाड्यांत हाच आकडा दुसऱ्या एखाद्या कंट्रोल युनिटमध्येही साठवलेला असतो. स्कॅनर लावला आणि दोन्हींत फरक दिसला तर चोरी पकडली जाते. पण करणाराही आता दोन्हीकडं बदलायला शिकलाय.

मग खरेदीदारानं बघायचं काय? मी माझ्या गिऱ्हाइकांना जे सांगतो ते इथंही सांगतो. पहिला नुसता भागाकार करा. आठ वर्षांची गाडी आणि ३८,००० रनिंग म्हणजे रोजचे तेरा किलोमीटर. मालक कुठं राहायचा, कुठं कामाला जायचा ते विचारा. कासारवडवलीहून महापेला रोज जाणाऱ्याचे जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. वर्षाचे अडीचशे दिवस धरले तरी साडेबारा हजार, आठ वर्षांत एक लाख. घराशेजारी दवाखाना असलेल्या डॉक्टरची गाडी खरंच कमी चाललेली असू शकते, पण बाजारात जितक्या गाड्या 'डॉक्टरची गाडी' म्हणून विकल्या जातात तितके डॉक्टर आपल्या दोन शहरांत नसावेत.

मग टायर बघा. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. साधा टायर चाळीस-पन्नास हजार चालतो. गाडी २०१६ची, रनिंग तीस हजार सांगताहेत आणि चारही टायर २०२१चे, तर पहिला सेट कशानं गेला ते विचारायचं. उन्हानं तडकूनही टायर जातात, त्यामुळं लगेच चोर म्हणू नका, पण विचारा. ड्रायव्हर सीटची उजवी कड चढता-उतरताना घासते, तिथला फोम बसलाय का, कापड नुसतंच नवं आहे का, ते चाचपा. जुन्या गाडीत पेडलची रबरं कोरी करकरीत असतील तर मी जास्तच बारकाईनं बघतो. ब्रेक डिस्कच्या कडेवरून बोट फिरवलं की किती झिज झालीय ते कडेच्या उंचवट्यावरून कळतं. दरवाजाच्या खांबावर, काचेच्या कोपऱ्यात, एअर फिल्टरच्या डब्यावर ऑइल बदलल्याचे स्टिकर शोधा. मीटर बदलणारा माणूस घाईत असतो, एखादा स्टिकर राहून जातो. आणि मालकाकडं सर्व्हिसची बिलं मागाच. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक बिलावर त्या दिवसाचे किलोमीटर छापलेले असतात. माझ्या मते सगळ्या बिलांसकट ९०,००० चाललेली गाडी बिनबिलाच्या ४०,०००पेक्षा केव्हाही घ्यावी.

आणखी एक गोष्ट आहे, ती फारसं कुणी लक्षात घेत नाही. मीटर चाकाचे फेरे मोजतो, इंजिन किती तास चाललं ते मोजत नाही. मेट्रो ४चं काम सुरू झाल्यापासून घोडबंदर रोडवर संध्याकाळी माजिवड्यापासून पुढं गाडी कशी सरकते ते तुम्ही स्वतः अनुभवलं असेल. ताशी वीसच्या सरासरीनं ५०,००० किलोमीटर चाललेल्या गाडीचं इंजिन २,५०० तास फिरलेलं असतं. पुण्याला ये-जा करणाऱ्या गाडीनं ताशी पन्नासच्या सरासरीनं तेच अंतर १,००० तासांत कापलेलं असतं. दोन्ही मीटरवर आकडा एकच, पण क्लच, गिअर, ब्रेक आणि इंजिन यांत जमीन-अस्मानाचा फरक. तसंच, खाडीकाठच्या सोसायटीत दोन पावसाळे नुसती उभी राहिलेली गाडी मीटरला कमी दिसते, पण तिची रबरं सुकलेली, ब्रेक गंजलेले आणि बॅटरी मेलेली असते. म्हणून खरेदीदारांनीही आकड्याची पूजा करणं थोडं कमी करावं असं मला वाटतं. फोनवर पहिला प्रश्न 'रनिंग किती' आणि दुसरा 'अ‍ॅव्हरेज किती' असतो. पहिल्याचं उत्तर आवडलं नाही तर फोन ठेवतात. या फोन ठेवण्यातूनच मीटर मागे करणाऱ्याचा धंदा चालतो.

तरीसुद्धा साहेब, हे सगळं पारखणं प्रत्येक खरेदीदारावर सोडून चालणार नाही. नोकरीला जाणाऱ्या पोरानं ब्रेक डिस्कवरून बोट फिरवायला का शिकावं?

माझ्या गॅरेजसमोर रिक्षा स्टँड आहे. त्या प्रत्येक रिक्षाच्या मीटरला सील असतं. वैधमापन खात्याची तपासणी असते. भाडेवाढ झाली की मीटर पुन्हा प्रमाणित करून घ्यावा लागतो आणि सील तोडणाऱ्यावर कारवाई होते. दोन-तीन किलोमीटरच्या भाड्यात प्रवासी फसू नये म्हणून एवढी व्यवस्था आहे, आणि ती योग्यच आहे. पण चार लाखांचा व्यवहार ज्या मीटरवर ठरतो त्याला सील नाही, तपासणी नाही, आणि तो मागे फिरवण्यावर मोटार वाहन कायद्यात स्वतंत्र कलमही नाही. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आहे, डीलरविरुद्ध दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जाता येतं, हे मी त्या मुलाला सांगितलं. पण तिथं पुरावा लागतो. त्याच्याकडं पुरावा काय, तर प्लास्टिकच्या कव्हरवर पेननं लिहिलेली एक ओळ.

तो डीलरकडं गेला होता. डीलर म्हणाला, आम्हाला गाडी अशीच मिळाली, मीटरला आम्ही हात लावलेला नाही. मुलगा चिडून माझ्याकडं आला, पण मी त्याला शांत केलं, कारण डीलर खरंही बोलत असेल. मीटर आधीच्या मालकानं मागे केला असेल, त्याच्याही आधीच्यानं केला असेल, मध्ये एखादा दलाल असेल. आकडा कुणीच लिहून ठेवला नाही तर लबाडी कुणाच्या हातात असताना झाली हे कसं ठरवणार? प्रामाणिक डीलर माझ्या ओळखीचे आहेत. त्यांची पंचाईत तर आणखी मोठी. खरे नव्वद हजार दाखवणारी गाडी त्यांच्याकडं तीन महिने पडून राहते आणि शेजारची मागे केलेली आठवड्यात विकली जाते.

आता माझी मागणी. फॉर्म आणि नियम केंद्र सरकारचे आहेत हे मला माहीत आहे, पण राज्याच्या परिवहन आयुक्तांनी लेखी शिफारस केली तर तिला वजन असतं. आणि काही गोष्टी तर तुमच्याच हातात आहेत.

खासगी गाडी एकदा पासिंग होऊन गेली की पुढची पंधरा वर्षं ती बहुतेक वेळा तुमच्या इन्स्पेक्टरसमोर येतच नाही. नाव बदलायचं तर फॉर्म २९ आणि ३० भरले जातात, त्यांत मालकांची माहिती असते, चेसिस आणि इंजिन नंबर असतात, किलोमीटरचा रकाना नसतो. मात्र एक जागा अशी आहे जिथं इलेक्ट्रिक सोडून प्रत्येक गाडीला जावंच लागतं: पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणी केंद्र. पहिलं वर्ष सरलं की बीएस-४ आणि बीएस-६ या नव्या प्रदूषण मानकांच्या गाड्यांना वर्षातून एकदा, त्याहून जुन्यांना दर सहा महिन्यांनी. तिथला मुलगा नंबर प्लेटचा फोटो काढतोच, तो प्रमाणपत्रावर छापूनही येतो. त्याच वेळी इग्निशन चालू असताना मीटरचा दुसरा फोटो काढायला आणि आकडा संगणकात भरायला अर्धं मिनिट लागेल. गाडी नवी असल्यापासून दरवर्षी आकडा नोंदला गेला, तर सातव्या वर्षी मीटर मागे करून काय मिळणार? सहा वर्षांचे आकडे समोर असतील. गाडी न नेताच पीयूसी काढून देणारी केंद्रं आहेत, ही तक्रार मला ठाऊक आहे. मीटरचा फोटो सक्तीचा केला तर त्या प्रकारालाही थोडा चाप बसेल.

दुसरं, फॉर्म २९ आणि ३०मध्ये त्या दिवसाचे किलोमीटर लिहून विकणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या सह्या हव्यात. मीटर खरोखर बिघडून बदलला असेल तर तसं लिहावं, बिल जोडावं, त्यात लाज कसली. आणि हे सगळे आकडे सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर आरसीच्या माहितीशेजारी दिसावेत.

तिसरं काम मात्र उद्यापासून करता येईल. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांना परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. गाडी ताब्यात आली की फॉर्म २९सी ऑनलाइन भरावा लागतो, आणि ताब्यातल्या गाड्यांच्या फेऱ्यांची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवावी लागते. त्या नोंदवहीत फेरीचं कारण, ड्रायव्हर, वेळ आणि किलोमीटर लिहायचे आहेत. म्हणजे डीलरकडं गाडी आली तेव्हाचा आणि गेली तेव्हाचा आकडा कळण्याची वाट नियमानं आधीच करून दिली आहे. ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या डीलरांकडं हे अधिकारपत्र आहे का, नोंदवही भरलेली आहे का, हे तपासायला आपली पथकं एकदा पाठवा. ज्यांच्याकडं अधिकारपत्र आहे त्यांची यादी कार्यालयाच्या दारावर लावा. गिऱ्हाईक आधी ती बघून जाईल.

यात अशक्य असं काही मागितलेलं नाही. बेल्जियममध्ये २००६पासून गाडी ज्या ज्या गॅरेजमध्ये जाते तिथं किलोमीटर नोंदले जातात, आणि जुनी गाडी विकताना त्या नोंदींचा दाखला खरेदीदाराला द्यावाच लागतो. त्याला ते कार-पास म्हणतात. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीत लिहिलेला आकडा कुणालाही गाडीच्या नंबरावरून इंटरनेटवर फुकट बघता येतो. आपल्याकडंही २०२२पासून विमा कंपन्यांना गाडी जेवढी चालेल तेवढा हप्ता घेणारी पॉलिसी विकायची मुभा आहे, आणि त्यासाठी कंपन्या मीटरचा आकडा घेतात. कंपनीला आपल्या पैशांसाठी आकडा लिहून घ्यायला जमतं, मग सरकारला माणसांसाठी का जमू नये?

त्या मुलाच्या गाडीचा बेल्ट मी गणपतीच्या आधी बदलला. काढलेल्या बेल्टचे दोन दात मुळाशी चिरले होते. तो बेल्ट मी गॅरेजमधल्या खिळ्याला टांगून ठेवलाय. कव्हर लावण्यापूर्वी जुन्या ओळीखाली मी लिहिलं: 'बेल्ट बदलला, मीटर ५२,८४०, मीटर आधी मागे केलेला आहे', आणि तारीख. मुलाला विचारूनच लिहिलं, कारण पुढं गाडी विकताना त्याचे पैसे यामुळं कमी होतील. तो "लिहा" म्हणाला. त्याचे वडील गावाला जाऊन आले.

आकडे मी पहिल्यापासून लिहीत आलोय. प्रत्येक कामाची तारीख, गाडीचा नंबर आणि मीटरचा आकडा माझ्या वह्यांत आहे. २००५च्या पुरात भिजलेल्या दोन सोडल्या तर सगळ्या वह्या शाबूत आहेत. पीयूसी केंद्रात ही नोंद कशी करता येईल हे आपल्या कुणा अधिकाऱ्याला प्रत्यक्ष बघायचं असेल तर कळव्याला यावं. मी एक आठवडा केंद्रावर बसून, एक पैसा न घेता, हे काम करून दाखवायला तयार आहे. वह्याही घेऊन जाव्यात, फक्त परत आणून द्याव्यात.

आपला विश्वासू,
कळव्यातला एक गॅरेजवाला